हिरवळ कापण्याचे यंत्र कशाचे करावे?

उद्यानातील हिरवळीवर सकाळच्या वेळी फिरणारे गवत कापण्याचे यंत्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्याचा आवाज, कापलेल्या ओल्या गवताचा वास आणि त्याच्यामागे उमटत जाणारे फिकट व गडद पट्टे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहतात. परंतु ते यंत्र कोणत्या द्रव्याचे बनविले आहे, ते द्रव्य पृथ्वीच्या कोणत्या भागातून व किती कष्टाने काढले गेले, आणि यंत्र मोडीत निघाल्यावर त्याचे पुढे काय होते, हा विचार सहसा कोणी करीत नाही. हिरवळ राखण्याचा हेतू जर डोळ्यांना व जमिनीला गारवा मिळावा हा असेल, तर ती राखणाऱ्या साधनाने त्याच जमिनीत विष किंवा न कुजणारा कचरा सोडावा, हे विसंगत होय. शिवाय हे यंत्र रचनेने साधे आहे. मोटारगाडीत हजारो भाग असतात. येथे पाते, सांगाडा, चाके, मूठ, वंगण व रंग एवढ्यांचाच मुख्यतः विचार करावयाचा असतो. म्हणून द्रव्यांच्या गुणदोषांचा अभ्यास करण्यास हे उदाहरण सोयीचे आहे.

प्रथम ज्या वस्तूवर हे यंत्र चालते त्या गवताकडे पाहावे. भारतातील बहुतेक हिरवळी हरळीच्या असतात. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती हाडवैरीण. दिसावयास कोमल असली तरी गवतवर्गीय वनस्पतींच्या पानांत सिलिकेचे, म्हणजे वाळू ज्या पदार्थाची बनते त्याच पदार्थाचे, सूक्ष्म कण साठलेले असतात. गवताच्या पात्यावरून बोट उलट दिशेने ओढले असता ते कापते, यास काठांवरील हे कठीण सूक्ष्म दातेच कारण असतात. असे गवत रोज कापणाऱ्या पात्याची धार सहाणेवर घासल्याप्रमाणे झिजते. त्यात भर म्हणून गवताचा रस, दवाचा ओलावा आणि हिरवळीस घातलेल्या खतातील क्षार यांनी लोखंड गंजते. म्हणजे या यंत्राचे द्रव्य झिजेला आणि गंजेला पुरून उरणारे हवे. ते निसर्गास अपाय न करणारे असावे ही अट त्यानंतरची. पण पहिल्या दोन अटी मोडून ती पाळता येत नाही, कारण दर दोन वर्षांनी फेकावे लागणारे यंत्र कितीही निरुपद्रवी द्रव्याचे असले तरी शेवटी कचराच वाढविते.

बडिंगचे यंत्र

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड या गावाच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले लोकरीचे बारीक तंतू सारखे छाटून काढण्यासाठी तेथे एक यंत्र वापरीत. त्यात एका फिरत्या दंडगोलावर मळसूत्राप्रमाणे पीळ दिलेली पाती बसविलेली असत आणि ती एका स्थिर पात्याला घासून जात. एडविन बिअर्ड बडिंग या कारागिराला असे सुचले की, कापडावरील तंतू ज्या रीतीने छाटले जातात त्याच रीतीने जमिनीवरील गवतही छाटता येईल. १८३० साली त्याने या यंत्राचे एकस्व मिळविले. त्यापूर्वी मोठ्या हिरवळी लांब दांड्याच्या विळ्यांनी कापाव्या लागत. त्यास कसबी माणसे लागत आणि गवत दवाने ओले असताना पहाटेच काम उरकावे लागे.

बडिंगचे यंत्र घडीव व ओतीव लोखंडाचे होते. त्याची रुंदी १९ इंच, म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटर होती. मागचा रूळ जमिनीवर फिरला की दंतचक्रांच्या योगाने पात्यांचा दंडगोल त्याच्या सोळापट वेगाने फिरे. आरंभीच्या यंत्रांपैकी काही लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाने व ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांनी घेतली. ते ओढणे जड होते. मागून एकाने ढकलावे व पुढून दुसऱ्याने ओढावे अशी सोय त्यात होती. पुढे मोठ्या यंत्रांना घोडी जुंपू लागले आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत कातड्याचे जोडे घालीत. भारतात हेच काम बैलांकडून करून घेतले गेले.

या जुन्या घडणीचे एक यंत्र लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात आजही आहे. त्या यंत्राचा कोणताही भाग वितळवून पुन्हा लोखंड करता येईल, आणि न वितळविता झिजलेला भाग बदलता येईल. पर्यावरणाचा विचार ज्या काळी कोणाच्या मनातही नव्हता त्या काळच्या या यंत्रात, आज ज्यासाठी खटपट करावी लागते ते दोन्ही गुण अनायासे आले होते.

बीड आणि पोलाद

ओतीव लोखंडाला कारागीर बीड म्हणतात. त्यात कार्बनाचे प्रमाण साधारणतः शेकडा अडीच ते चार असते आणि त्यातील पुष्कळसा कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ होते, परंतु त्यांच्यामुळेच यंत्राची थरथर त्यात जिरते. बीड पोलादापेक्षा बरेच कमी तापमानास, सुमारे १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून लहान भट्टीतही त्याचे ओतकाम करता येते. हावडा, कोइमतूर, राजकोट, बेळगाव, कोल्हापूर या ठिकाणी असे ओतकामाचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत जुने बीड व भंगार नव्याबरोबर वितळविले जाते. तथापि ओतशाळा म्हणजे निर्मळ जागा असा समज करून घेऊ नये. दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीचा धूर आणि साच्याच्या वाळूची बारीक धूळ तेथील कामगाराच्या छातीत जाते; या धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. विजेची भट्टी, धूळ ओढून घेणारी नळकांडी व वाळूचा पुनर्वापर यांनी हा दोष पुष्कळ कमी होतो. यंत्र निरुपद्रवी आहे की नाही हे ठरविताना हिरवळीवर फिरणाऱ्या माळ्याइतकाच ओतशाळेतील कामगारही हिशेबात धरला पाहिजे.

पात्यासाठी बीड चालत नाही; तेथे पोलाद हवे. बडिंगच्या पद्धतीच्या यंत्रात कात्रीप्रमाणे दोन धारा एकमेकींजवळून जातात, त्यामुळे पात्याला मोठा वेग लागत नाही. याउलट विसाव्या शतकात प्रचारात आलेल्या आडव्या फिरणाऱ्या पात्याच्या यंत्रात कात्री नसते. पाते केवळ वेगाच्या बळावर गवताला फटकारून तोडते. हा वेग किती असतो ते सहज काढता येईल. पात्याची लांबी ५३ सेंटिमीटर व फेरे मिनिटाला ३,००० धरले, तर पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे १.६७ मीटर आणि एका सेकंदातील ५० फेऱ्यांत सुमारे ८३ मीटर अंतर तोडते. हा वेग ताशी ३०० किलोमीटर झाला. अमेरिकेतील सुरक्षामानकाने टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटास १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटर ठरवून दिली आहे. अशा वेगात पाते दगडावर आपटून फुटले तर त्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा जातो. म्हणून असे पाते दगडावर आपटल्यास वाकावे, पण तुटू नये, अशा बेताने पोलादाला पाणी देतात. बोरॉन हे मूलद्रव्य दर लाख भागांत एक ते तीन भाग इतक्या अल्प प्रमाणात मिसळले तरी पोलाद आतपर्यंत सारखे कठीण होते. म्हणून पात्यांसाठी बोरॉनयुक्त पोलाद पसंत करतात. पात्याच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ द्रव्याचा आग्रह धरणे धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

खनिजापासून १ टन पोलाद तयार करताना साधारणतः २ टनांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. भंगार विजेच्या भट्टीत वितळविल्यास हे प्रमाण एक तृतीयांशाहूनही खाली आणता येते; मात्र ती वीज कशापासून केलेली आहे यावर ते अवलंबून राहते. भंगारात तांब्याच्या तारा राहून गेल्या तर तांबे पोलादातून काढता येत नाही आणि तापलेले पोलाद लाटताना त्याला भेगा पडतात. विजेवर चालणारी यंत्रे मोडीत काढताना मोटारीतील तांब्याची वेटोळी आधी वेगळी करावी, असे जे सांगतात त्याचे कारण हे आहे. आणि तांब्यास भावही चांगला येत असल्याने भंगारवाला हे काम न सांगता करतो.

हलकेपणाची किंमत

यंत्र हलके करण्याच्या इच्छेने ॲल्युमिनियम आले. त्याची घनता २.७, लोखंडाची सुमारे ७.८. ते गंजून गळत नाही, आणि पात्यावरील झाकण म्हणून साच्यात दाबून ओतता येते. परंतु १ टन ॲल्युमिनियमसाठी चार ते पाच टन बॉक्साइट खणावे लागते, आणि धातू वेगळा करण्यासाठी किलोग्रॅममागे १३ ते १५ एकक वीज खर्च होते. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर जो तांबडा दाहक चिखल उरतो, त्याचे काय करावे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका येथे अशा चिखलाच्या तलावाचा बांध फुटला, सुमारे १० लाख घनमीटर चिखल गावांत शिरला आणि १० माणसे प्राणास मुकली. झारखंडातील मुरी येथेही एप्रिल २०१९ मध्ये अशा चिखलाचा ढीग घसरला. हे सर्व नव्या ॲल्युमिनियमविषयी झाले. जुने वितळवून केलेल्या ॲल्युमिनियमला नव्याच्या सुमारे शेकडा ५ इतकीच ऊर्जा लागते. तेव्हा झाकण ॲल्युमिनियमचे असणे हा गुण की दोष, याचे उत्तर धातूच्या नावात नसून तो प्रथमच खाणीतून आला की भट्टीत दुसऱ्यांदा वितळला, यात आहे.

त्याहून हलके व स्वस्त म्हणजे प्लॅस्टिक. इटलीतील जुलिओ नात्ता याने १९५४ साली तयार केलेले पॉलिप्रॉपिलीन आज पुष्कळ यंत्रांच्या झाकणांत आढळते. त्याची घनता ०.९, म्हणजे पाण्याहूनही कमी. ओलावा व खतांचे क्षार त्याला बाधत नाहीत. ऊन मात्र बाधते. संरक्षक द्रव्ये न मिसळल्यास उन्हाने ते पांढुरके होऊन चिरते. शिवाय ते पेट्रोलियमपासून येते आणि वाऱ्यापाण्याने त्याचा चुरा झाला तरी ते कुजत नाही.

ताग आणि एक जुनी मोटारगाडी

प्लॅस्टिक बळकट करण्यासाठी त्यात काचेचे तंतू मिसळतात. त्याऐवजी ताग, अंबाडी किंवा जवस यांचे तंतू घालावेत, असा प्रयत्न अनेक देशांत चालला आहे. भारत व बांगलादेश हे तागाचे सर्वांत मोठे उत्पादक असल्याने या प्रयत्नाकडे भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावे. तागाचे पीक सुमारे चार महिन्यांत हाती येते. त्याच्या तंतूची घनता सुमारे १.४, काचेच्या तंतूची सुमारे २.५. म्हणजे त्याच आकाराचा भाग तागाने हलका होतो, आणि काचेच्या चुऱ्याने कामगाराच्या कातडीला व डोळ्यांना जो त्रास होतो तो टळतो.

अडचणी पुढील होत. तागाची ओढ काचेहून पुष्कळ कमी, म्हणून भाग जाड करावा लागतो. सुमारे २०० अंशांवर तंतू करपू लागतो, तेव्हा ज्या प्लॅस्टिकला याहून अधिक उष्णता द्यावी लागते त्यात तो घालता येत नाही. पॉलिप्रॉपिलीन या मर्यादेत बसते. सर्वांत मोठी अडचण पाण्याची. ताग दमट हवेत आपल्या वजनाच्या शेकडा बारापर्यंत ओलावा शोषतो आणि फुगतो. प्लॅस्टिकला मात्र पाणी आवडत नाही. त्यामुळे दोघांची पकड सुटते. तंतू दाहक सोड्याच्या पाण्यात धुऊन आणि प्लॅस्टिकमध्ये दोघांना सांधणारे द्रव्य मिसळून ही पकड वाढविता येते. तरीही ज्या भागावर दिवसभर ओले गवत आपटते तेथे तागमिश्रित प्लॅस्टिक घालणे घाईचे ठरेल. मुठीचे आवरण, गवत साठविण्याची पेटी, मोटारीवरील टोपण हे भाग त्याला योग्य आहेत. गवत साठविण्याची पिशवी तर नुसत्या तागाच्या कापडाची केली तरी चालते. ती फाटल्यावर खतखड्ड्यात टाकावी. ताग कुजविताना तळ्याचे पाणी खराब होते व मासे मरतात, हेही बंगालमधील कोणताही शेतकरी सांगेल.

येथे एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयोगी पडेल. पूर्व जर्मनीत १९५७ पासून १९९१ पर्यंत ट्राबांट नावाची मोटारगाडी तयार होत असे. पोलादाची टंचाई असल्याने तिच्या वरच्या पत्र्यांऐवजी कापसाच्या टाकाऊ तंतूंवर फिनॉलची राळ दाबून केलेले फलक बसवीत. अशा सुमारे ३० लाख गाड्या निघाल्या. हे फलक गंजत नसत. परंतु ती राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, आणि तिच्यात अडकलेला कापूस कुजतही नाही. त्यामुळे गाड्या भंगारात निघाल्यावर त्या फलकांचे काय करावे, ही मोठीच पंचाईत झाली. तंतू झाडाचा असला म्हणजे वस्तू मातीत मिळून जाईल, हा तर्क त्यामुळे फोल ठरतो. कशात बांधला आहे यावर तंतूचे भवितव्य ठरते.

नायलॉनची दोरी

हिरवळीच्या कडेचे व झाडांच्या बुंध्याजवळचे गवत यंत्राला कापता येत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस याला १९७१ साली मोटारी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून एक कल्पना सुचली. त्याने पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यांतून मासेमारीची दोरी ओवली व डबा फिरविला. दोरीच्या फटक्याने गवत तुटले, झाडाची साल मात्र बचावली. तेव्हापासून हे साधन जगभर पसरले. कोकणात आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर गवत काढताना अशी यंत्रे खांद्याला अडकवून वापरतात. त्यांना पोलादी पातेही बसविता येते.

दोरीचे पुढे काय होते? ती झिजते, तुकडे पडतात, आणि यंत्रातून नवी दोरी पुढे येते. झिजलेली दोरी कोणी वेचीत नाही. २.४ मिलिमीटर व्यासाची १ मीटर दोरी घेतली तर तिचे घनफळ सुमारे ४.५ घनसेंटिमीटर होते. नायलॉनची घनता १.१४ धरता वजन सुमारे ५ ग्रॅम. समजा, एक माळी दिवसाला ३ मीटर दोरी झिजवितो आणि वर्षातून २०० दिवस काम करतो. मग एका माळ्याच्या हातून वर्षाकाठी ३ किलोग्रॅम नायलॉन जमिनीत मिसळते, तेही सूक्ष्म तुकड्यांच्या रूपाने, की ते परत गोळा करण्याची सोय नाही. संपूर्ण यंत्रात जमिनीला सरळ अपाय करणारा भाग हाच, आणि नेमका याच भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

एरंडेलापासूनही नायलॉन करता येते. जगातील एरंडीचे बहुतांश उत्पादन भारतात, मुख्यतः गुजरातेत होते, आणि एरंडेलातील आम्लापासून नायलॉन-११ हा पदार्थ फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून तयार होऊ लागला. तो पाणी कमी शोषतो व चिवट असतो. नळ्या, दंतचक्रे यांसाठी उत्तम. परंतु तो वनस्पतीपासून आला म्हणून कुजतो असे नव्हे. उगम नैसर्गिक असणे आणि शेवट नैसर्गिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत त्यांची सरमिसळ नेहमी होते. ऊन व हवा लागून तुकडे होणारे ‘विघटनशील’ प्लॅस्टिक म्हणून जे विकले जाते, त्याच्यावर युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून बंदी घातली आहे, कारण त्याचे तुकडे होतात, माती होत नाही. तूर्त तरी दोरीच्या जागी जेथे दगड नाहीत तेथे जाळीच्या आडोशासह पोलादी पाते, आणि बुंध्याजवळ विळा किंवा खुरपे, हेच उत्तर व्यवहार्य दिसते.

रंग, वंगण, मोटार

रंगात पूर्वी शिसे असे. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविली आहे. यंत्रांच्या रंगासही हीच कसोटी लावावी. पातळ रंगाऐवजी कोरडी रंगभुकटी विजेच्या आकर्षणाने चिकटवून भट्टीत भाजली असता उडून जाणारे द्रावक लागतच नाही. लाकडी मुठीस उकळलेले जवसाचे तेल पुरे. साखळी व आस यांना एरंडेलासारख्या वनस्पतितेलाचे वंगण चालते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या एंजिनांत एरंडेलच वापरीत. ते जमिनीवर सांडले तर जंतू ते खाऊन टाकतात. मात्र वनस्पतितेल काही महिन्यांनी चिकट होते, म्हणून हंगामाच्या शेवटी पुसून काढावे लागते.

पेट्रोलच्या एंजिनाऐवजी आता विजेच्या मोटारी व संचयक येत आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून २०२४ च्या बनावटीपासून अशा नव्या लहान पेट्रोल-एंजिनांच्या विक्रीस मनाई केली. भारतात २०२२ च्या नियमांनी जुने संचयक परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु लहान हिरवळीस मोटारच कशाला हवी, हा प्रश्न उरतोच. माणूस बराच वेळ सुमारे ७५ वॅट इतकी शक्ती सहज देऊ शकतो. कात्रीच्या तत्त्वावर चालणाऱ्या, नीट धार लावलेल्या हातयंत्राला तेवढी पुरते. फटकारून तोडणाऱ्या यंत्राचे एंजिन मात्र दोन ते चार हजार वॅटचे असते.

द्रव्याची तुलना वजनावर न करता वर्षांवर करावी. समजा, १२ किलोग्रॅमचे लोखंडी हातयंत्र ४० वर्षे टिकले, तर वर्षाला ३०० ग्रॅम द्रव्य खर्च झाले. ८ किलोग्रॅमचे प्लॅस्टिकचे यंत्र ५ वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला १,६०० ग्रॅम. शाळेच्या बागेसाठी यंत्र घेताना सुटे भाग मिळतात काय, खिळे मारून कायमचे जोडले आहे की मळसूत्री खिळ्यांनी उघडते, हे विचारणे म्हणूनच ‘नैसर्गिक’ द्रव्याच्या चौकशीपेक्षा अधिक उपयोगाचे.

हातयंत्राचे आयुष्य धारेवर अवलंबून असते, आणि धार लावणे विद्यार्थ्यांनाही शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. वाळलेले गवत ब्रशने काढून पाती कोरडी करावीत. फिरत्या पात्यांना तेलात कालवलेली घासण्याची भुकटी लांब दांड्याच्या ब्रशाने लावून दंडगोल उलट दिशेने फिरवावा. स्थिर व फिरती पाती एकमेकांना घासून त्यांची धार जुळते. नंतर भुकटी पूर्णपणे पुसून तेलाचा हात द्यावा. हातमोजे घातल्याशिवाय पात्याला बोट लावू नये. शेवटी वर्तमानपत्राची पट्टी दोन पात्यांमध्ये धरून दंडगोल हळूहळू फिरवावा. कागद दुमडला किंवा ओढला गेला तर स्थिर पात्याचे खिळे किंचित आवळावेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो स्वच्छ कापला गेला म्हणजे अंतर बरोबर बसले असे समजावे.